चाल्सिडन परिषदेचं इतिवृत्त, तीन खंड: काही महिने वाचल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, ख्रिस्त देव की मनुष्य या प्रश्नाचं उत्तर हवं म्हणून हे खंड घेऊ नका. ते उत्तर जेमतेम एका पानाचं आहे आणि कुठेही फुकट वाचायला मिळतं. बाकीची शेकडो पानं ते एक पान कसं तयार झालं याची आहेत. पैसे मोजायचे ते त्यांच्यासाठी.

इ.स. ४५१ च्या ऑक्टोबरमध्ये चाल्सिडनला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या कादिकॉयला, सेंट युफेमियाच्या चर्चमध्ये बिशपांची परिषद भरली. कोण काय बोललं, कोण ओरडलं, कुठला कागद वाचला गेला, हे लेखनिकांनी टिपून ठेवलं. त्या इतिवृत्ताचं रिचर्ड प्राइस आणि मायकेल गॅडिस यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००५ मध्ये आलं. मी वाचलं ते हेच.

मी वसईचा. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) लहानपणापासून म्हणत आलोय, पण त्यातल्या एकेका शब्दापायी कोणाची खुर्ची गेली, कोण परागंदा झालं, याचा पत्ता नव्हता. वाद थोडक्यात असा: ख्रिस्त पित्याइतकाच देव, हे ३२५ मध्ये नायसियाला आरियसच्या विरोधात ठरलं. मग प्रश्न उरला, देव असलेला हा ख्रिस्त मनुष्यही कसा? कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस मरियेला ‘देवमाता’ म्हणायला कचरला, अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल त्याच्यावर तुटून पडला, आणि ४३१ मध्ये इफिससला नेस्टोरियस पदच्युत झाला. पुढे युटिकस नावाच्या वृद्ध मठाधिपतीने दुसरं टोक गाठलं. देवाने मनुष्यदेह धारण केल्यानंतर ख्रिस्ताचा स्वभाव (म्हणजे मूळ प्रकृती) एकच, असं तो म्हणाला. ४४८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप फ्लेवियनने त्याला दोषी ठरवलं. ४४९ मध्ये इफिससच्या दुसऱ्या परिषदेत सिरिलचा वारस डायोस्कोरस याने तो निकाल फिरवला आणि फ्लेवियनलाच पदावरून काढलं. फ्लेवियन लवकरच वारला. ४५० मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला, त्याची बहीण पुल्केरिया आणि तिचा नवरा मार्सियन यांच्या हाती सत्ता आली आणि वारं फिरलं.

खरी गंमत पहिल्या बैठकीत आहे. आपल्याकडच्या कुठल्याही सभेत पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. चाल्सिडनला पहिला अख्खा दिवस यातच गेला. ४४९ चं इतिवृत्त वाचायला घेतलं, त्यात ४४८ चं इतिवृत्त वाचलेलं, आणि प्रत्येक थरावर ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणणारा कोणीतरी हजर. सुरुवातीला माझा पार गोंधळ उडाला. शेवटी समासात तीन रंगांच्या पेन्सिलींनी तीन वर्षं वेगळी केली, तेव्हा कुठे वाचन पुढे सरकलं.

त्या दिवशीचा एकेक प्रसंग सोडवत नाही. नेस्टोरियसचा पाठीराखा मानला जाणारा बिशप थिओडोरेट आत येताच दोन्ही बाजूंनी इतका आरडाओरडा झाला की, असं ओरडणं बिशपांना शोभत नाही, हे दरबारी अधिकाऱ्यांना सुनवावं लागलं. इफिससचा बिशप स्टीफन सांगतो की ४४९ मध्ये डायोस्कोरसच्या लेखनिकांनी आपल्या लेखनिकांच्या पाट्यांवरचं लिखाण पुसून टाकलं, लेखण्या हिसकावताना बोटं मोडायचीच बाकी होती. कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, अशी तक्रारही होते. आणि फ्लेवियनची बाजू वाचली जात असताना जेरुसलेमचा जुवेनाल डायोस्कोरसच्या बाजूचं आसन सोडून चक्क समोरच्या बाजूला जाऊन बसतो.

डायोस्कोरस मात्र जागचा हलत नाही. ‘दोन स्वभावांपासून’ हे मला मान्य आहे, ‘दोन’ मान्य नाही, असं तो स्वच्छ सांगतो. म्हणजे देवत्व आणि मनुष्यत्व यांपासून एक झालेला ख्रिस्त मान्य, एकत्र आल्यावरही दोनच स्वभाव राहिलेला नाही. मला वाटायचं तो नुसता दांडगट असेल. दांडगट होताच, पण त्या सभेत आपली भूमिका इतक्या नेमकेपणाने मांडणारे फार नव्हते. पुढे त्याला काढलं तेही पाखंडासाठी नाही. त्याने रोमच्या पोप लिओला बहिष्कृत केलं आणि तीनदा बोलावूनही तो आला नाही म्हणून. हे पाचव्या बैठकीत कॉन्स्टँटिनोपलचा नवा बिशप अनातोलियसच बोलून दाखवतो.

ही पाचवी बैठक, २२ ऑक्टोबरची, मी पुन्हा पुन्हा वाचली. श्रद्धेच्या व्याख्येचा, म्हणजे त्या एका पानाचा, मसुदा बहुतेक बिशपांना पसंत असतो. रोमचे, म्हणजे पोप लिओचे, प्रतिनिधी अडून बसतात, परत जाण्याची भाषा करतात. बिशप ओरडतात, ज्यांना पटत नाही ते नेस्टोरियसवाले, जाऊ देत रोमला! मग अधिकारी सरळ विचारतात: डायोस्कोरसच्या मागे जाणार की लिओच्या? डायोस्कोरसला तर यांनीच काढलेलं. उत्तर येतं, लिओच्या. एक समिती आत जाते आणि ‘दोन स्वभावांत’ असा मजकूर घेऊन बाहेर येते: मिसळण न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. आणि तो पहिला मसुदा? तो इतिवृत्तात घ्यायचा नाही असं ठरलं. अख्ख्या संचात मला सर्वांत जास्त हवं असलेलं पान तेच, आणि नेमकं तेच नाही.

चौथ्या बैठकीतले इजिप्तचे तेरा बिशप विसरता येत नाहीत. दोन स्वभाव मांडणाऱ्या लिओच्या पत्रावर सही केली तर मायदेशी आम्हाला ठार मारतील, म्हणून ते जमिनीवर लोळण घेतात. बाकीचे बिशप त्यांची कीव करत नाहीत, दरबारी अधिकारी करतात आणि अलेक्झांड्रियाला नवा आर्चबिशप मिळेपर्यंत मुदत देतात. भीती खोटी नव्हती: तो नवा आर्चबिशप प्रोटेरियस याला ४५७ मध्ये जमावाने मारलं.

त्रास म्हणाल तर नावांच्या याद्या. पानंच्या पानं ‘अमक्या गावचा बिशप अमका’. मी त्या सर्रास ओलांडल्या. तिसऱ्या खंडात हद्दींचे, पदांचे खटले आहेत. मला ते रुक्ष वाटले, कायद्याच्या माणसाला कदाचित तेच आवडतील.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर केरळकडे पाहा. तिथली मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च आजही चाल्सिडन मानत नाही. गोव्याचे फादर आल्वारिस पोर्तुगीज धर्मसत्तेशी बिनसल्यावर याच चर्चमध्ये गेले, १८८९ मध्ये बिशप झाले, आणि रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांचे अवशेष आहेत. त्यांचं भांडण स्वभावांवरून नव्हतं, तरी डायोस्कोरसला संत मानणारी परंपरा अशी मांडवीकाठी येऊन पोचली. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि इजिप्तच्या, चाल्सिडन न मानणाऱ्या कॉप्टिक चर्चचे पोप तिसरे शेनूदा यांनी संयुक्त निवेदनात ख्रिस्ताविषयीची श्रद्धा एकत्र मांडली. ते निवेदन शोधून या खंडांच्या शेजारी ठेवून वाचा, कुठले शब्द शिताफीने टाळलेत ते लगेच दिसतं.

घ्यावं का? वादाची तोंडओळख असेल तर नक्की. नसेल तर आधी पहिल्या खंडाची प्रस्तावना वाचनालयात बसून वाचा, मग ठरवा. तिन्ही खंड एकदम घ्या, कारण शब्दार्थ आणि नकाशे तिसऱ्यात आहेत आणि त्यांची गरज पहिल्यापासूनच लागते.