आठ गाड्या की चाळीस?

नागपुरात दोन-तीन जण मिळून रेसिंग गेम करायला घेतात, त्यात झिरो माइल ते वर्धा रोड असा ट्रॅक बांधतात आणि मग गाड्यांच्या संख्येवर अडतात.

खरी मेहनत गाडीचं मॉडेल बनवण्यापेक्षा गाड्यांमध्ये समतोल साधण्यात जाते, कारण प्रत्येक गाडी दुसऱ्या प्रत्येक गाडीशी ताडून पाहावी लागते. आठ गाड्यांच्या जोड्या होतात 28, चाळीसच्या 780. एकीची पकड वाढवली की तिच्या सगळ्या जोड्या पुन्हा तपासा.

चालवण्यातला फरक मात्र संख्येने येत नाही. मारुती 800 सारखी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात ॲक्सिलरेटर दाबला की बाहेर ओढते. मागच्या चाकांवरची ताकदवान गाडी शेपूट फिरवते. तीन पुढच्या, तीन मागच्या, दोन चारही चाकांच्या घ्या, हात लगेच फरक ओळखतो. चाळीस गाड्यांत फक्त टॉप स्पीड बदललात तर खेळाडू सगळ्यात वेगवान तेवढी उचलतात, बाकीच्या गॅरेजमध्ये पडून राहतात.

खऱ्या गाड्या वापरण्याच्या परवान्याचं, आठ असोत की चाळीस, सारखंच: लोगो पुसून भागत नाही, आकारही ओळखू येतो. डिझाइन स्वतःचंच करा.

छोटी टीम, मोबाइल गेम असेल तर आठच. गाड्या जमवणं हाच खेळ असेल तर चाळीस, पण पाच वर्गांत आठ-आठ वाटून, तुलना वर्गातल्या वर्गातच. मग जोड्या 140 वर येतात.