कॉकटेलची 'प्रूव्हन जोडी' म्हणून मला दोन माद्या विकल्या

कॉकटेल या तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या 'प्रूव्हन', म्हणजे आधी पिल्लं काढलेल्या जोडीपायी माझे एकूण 59,100 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला पहिल्यांदा तोच हवा असतो आणि तो ऐकला की पुढचं कुणी नीट ऐकत नाही. पुढचं ऐका. तेच कामाचं आहे.

शो-लाइनचे, म्हणजे स्पर्धेत उतरणाऱ्या वंशातले पक्षी विकणारे कसे बोलतात हे पाळणाऱ्यांना मी नव्याने सांगायला नको. बाप शोमध्ये जिंकलेला, तुरा बघा, डोकं बघा, "ताई, अजून दोघं मागे लागलेत, पण तुमची अ‍ॅव्हियरी बघितली आणि वाटलं की पक्षी तुमच्याकडेच जावा." माझ्याकडे ग्रे आणि पाइड रंगांचे कॉकटेल आधीपासून आहेत, दर सीझनला पिल्लं निघतात. मी नवखी नाही. मला शोच्या दर्जाच्या अल्बिनोवर काम करायचं होतं. अल्बिनो म्हणजे व्हाइटफेस (पिवळा-नारिंगी रंग नसलेला) आणि ल्युटिनो (करडा रंग नसलेला) हे दोन रंगप्रकार एकाच पक्ष्यात, म्हणजे दोन्ही रक्तं जमवावी लागतात. मला काय हवंय ते या विक्रेत्याने माझ्याच तोंडून काढून घेतलं आणि नेमकी तीच जोडी पुढे केली.

जोडीचे 38,500, त्यातले 15,000 आगाऊ, 23,500 पक्षी निघायच्या आधी. वाहतूक 2,800. नर की मादी हे सांगणारं डीएनए सर्टिफिकेट 1,600. 'साइट्स परवाना' 4,200. आणि पहिलं अंडंही दिसायच्या आत एका अल्बिनो नरासाठी आणखी 12,000 आगाऊ. तो नर आजतागायत आलेला नाही.

या सगळ्यात 4,200 चा संताप वेगळाच आहे. साइट्स हा देशादेशांमधल्या व्यापाराचा करार. बहुतेक सगळे पोपट त्याच्या याद्यांमध्ये आहेत, पण बजी नाही, पीचफेस लव्हबर्ड नाही आणि कॉकटेलही नाही. म्हणजे जो परवाना लागतच नाही त्याचे पैसे त्याने शिक्का मारलेला कागद पाठवून घेतले. कॉकटेलसाठी कुणी साइट्सचे पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा.

आता तो मेसेज. अजून फोनमध्ये आहे, पुसलेला नाही. 'नर पर्ल, 2 वर्षे, मोल्ट पूर्ण. मादी व्हाइटफेस, स्प्लिट ल्युटिनो. प्रूव्हन.' मोल्ट म्हणजे पिसं बदलणं, स्प्लिट म्हणजे रंग न दिसता अंगात लपलेला. एका ओळीत दोन खोट्या गोष्टी, आणि दोन्ही मला कळायला हव्या होत्या.

ल्युटिनो सेक्स-लिंक्ड आहे, म्हणजे लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावरून येतो. नराकडे झेड गुणसूत्रं दोन, त्यामुळे एकावर ल्युटिनो लपून राहू शकतो. मादीकडे झेड एकच. ती एक तर दिसायलाच ल्युटिनो असते, नाहीतर तिच्यात ल्युटिनो नसतोच. मादी ल्युटिनोला स्प्लिट असूच शकत नाही. पर्ल, सिनॅमन या रंगप्रकारांनाही नाही. हे मला पाठ आहे. मी स्वतः इतरांना समजावलं आहे. तरी ती ओळ वाचून मी काय केलं, तर मनातल्या मनात त्याचं वाक्य दुरुस्त केलं. लिहिताना उलटं झालं असेल, नर स्प्लिट असेल. त्याची चूक मी त्याच्यासाठी सुधारून घेतली आणि पैसे पाठवले.

दुसरी गोष्ट पर्लची, म्हणजे पिसांवर मोत्यांसारखे ठिपके असलेल्या पक्ष्याची. पर्ल नराच्या अंगावरचे मोती पहिल्या मोठ्या मोल्टमध्ये जातात, साधारण वर्षाच्या आत. दोन वर्षांचा, मोल्ट झालेला आणि पाठभर ठसठशीत मोती असलेला पर्ल नर बघितला की पहिली शंका मादीचीच यायला हवी. मी विचारलं होतं. हे कृपा करून लक्षात घ्या, मी विचारलं होतं. तो म्हणाला, "काही लाइनमध्ये मोती टिकतात." काही नरांच्या अंगावर थोडे मोती राहतात हे खरं आहे, म्हणूनच ते पटलं. जो निम्मं खरं बोलतो त्याला पकडणं सोपं नसतं, घरी बसून "एवढंही कळलं नाही?" म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं. वर डीएनएचा कागद होता, त्यावर 'मेल' आणि पक्ष्याच्या पायातल्या रिंगचाच नंबर.

रिंगचं नीट वाचा. बंद, म्हणजे जोड नसलेली रिंग पिल्लू साधारण 7 ते 10 दिवसांचं असतानाच पायात जाते, नंतर पंजा मोठा होतो आणि ती चढत नाही. माझ्याकडे आलेल्या 'नरा'च्या रिंगवर नखाएवढ्या जागेत एक बारीक चीर होती, पक्कडीने दाबून मिटवलेली. भिंगाखाली स्वच्छ दिसते, नुसत्या डोळ्याला नाही. उघडी रिंग कुणीही, कधीही, कुठल्याही पक्ष्याच्या पायात घालू शकतो. म्हणजे कागदावरचा नंबर कशाचाच पुरावा नव्हता. व्हिडिओ मागवाल तेव्हा रिंगचा जवळून, चारही बाजूंनी मागवा.

पक्षी आले, वेगळे ठेवायचे ते ठेवले, मग घरट्याचा बॉक्स लावला. 'नर' शीळ घालत नव्हता, चोच आपटत नव्हता, पंख खांद्यातून उचलून मिरवत नव्हता. नवीन जागा आहे, बुजला असेल, असं मी धरून चालले. अंडी येऊ लागली. एक मादी एक दिवसाआड अंडं देते. इथे एका दिवसात दोन नवीन अंडी दिसली. क्लच, म्हणजे एका खेपेची अंडी, 4 ते 6 चा असतो, बॉक्समध्ये 9 झाली. आठवड्याने टॉर्च लावला तर एकाही अंड्यात शीर नाही, म्हणजे पिल्लू धरलेलंच नाही. दोघी मात्र मन लावून उबवत होत्या. पिसं उपटून, मुळासकट, स्वतः डीएनए तपासणीला पाठवली: दोन्ही माद्या.

तपासणी स्वतःच करा, विक्रेत्याकडून कागद घेऊ नका.

त्याला रिपोर्ट पाठवला तर आधी "लॅब चुकली", मग "वाटेत पक्षी बदलला असेल", मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "मॅडम, पोपटासाठी एवढे पैसे?" दुसरा: "पक्षी मिळाले ना? मग फसवणूक कसली?" मी पर्ल समजावलं, रिंग दाखवली, दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. ते बघायलाही कुणी मान वळवली नाही. दिवाणी मामला आहे, वकील बघा. सायबरवाले म्हणाले, वस्तू आली आहे म्हणजे ऑनलाइन फ्रॉड नाही, ठाण्यात जा. बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पाठवलेत. वनखात्यात सांगितलं की परदेशी पक्ष्याच्या खरेदी-विक्रीतलं भांडण आमच्याकडे येत नाही. प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं आणि तो माणूस तोवर नवीन नावाने तीच जोडी विकतो. परवान्याचा बनावट कागद हा तरी गुन्हा आहे ना? मी विचारलं. उत्तर: "अर्ज देऊन ठेवा." आणि न आलेल्या नराचे 12,000? त्यात तर 'पक्षी मिळाले' हे कारणही चालत नाही. त्यावरही तेच, अर्ज देऊन ठेवा.

दोघी माझ्याकडेच आहेत. त्यांचा यात काही दोष नाही. बॉक्स काढला आहे, कारण रिकामी अंडी देत राहिल्या की कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकून मादी जाते. तुमच्याकडे असं झालं तर अंडी लगेच उचलू नका, मादी लगेच पुन्हा घालायला लागते. कंटाळून सोडेपर्यंत राहू द्या.

आगाऊ देऊ नका, समोर जाऊन पक्षी हातात घ्या, आई-बाप दाखवायला सांगा. ज्याच्याकडे आई-बाप दाखवायला नाहीत त्याच्याकडे लाइन नाही.

मी अर्ज लेखी दिला आणि पोच घेतली. तोंडी तक्रार करून परत येऊ नका, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पैशांचे दोन व्यवहार असतील तर दोन वेगळे अर्ज करा. माझा जोडीचा आणि अल्बिनोचा एकत्र केलेला अर्ज 'पक्षी मिळाले' या एका शेऱ्याखाली पडून होता, न आलेल्या नराचा वेगळा केल्यावर तो पहिल्यांदा कुणीतरी वाचला. मोती टिकलेला नर आणि स्प्लिट मादी अशीच जोडी तुम्हालाही मिळाली असेल, तर लाजून गप्प बसू नका, आपापल्या ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्या. एकट्या तक्रारीवर काही होत नाही, हे मला तिथल्याच एका हवालदाराने सांगितलं आहे.