आमचं पीएचसी: दिवसा चार स्टार, रात्री एक

आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कोणीतरी एक स्टार देऊन ठेवलाय अन् खाली एवढंच लिहिलंय, "डॉक्टर राहत नाही." खोटं नाही लिहिलं, पण अर्धंच लिहिलं, म्हणून बाकीचं मी लिहितो. गावाचं नाव टाकत नाही, वर्धा नदीच्या काठचा कापूस-सोयाबीन-तुरीचा पट्टा समजा. मी गावात सेतू चालवतो, दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो, त्यामुळं कोण कोणत्या दुखण्यानं कुठं गेलं अन् किती रुपये घालून परत आलं हे न विचारता कळते मला.

आधी पैशाचं सांगून टाकतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. तरी रोज एखादा माणूस माझ्या काउंटरवर येतो, "भाऊ, आयुष्मान कार्ड काढून दे, पोट्ट्याले ताप हाय." अरे बाप्पा, ते कार्ड भरती होऊन मोठा इलाज करायसाठी आहे, तापासाठी पीएचसीत जा, नाव सांग, झालं. पण नाही. आधी तालुक्याला प्रायव्हेटमध्ये जाऊन दोन सलाईन लावून घेणार, कारण सलाईन लागली म्हणजेच इलाज झाला असं आपल्याकडं पक्कं आहे, अन् मग पीएचसीवाल्यांनी रक्ताची स्लाइड घेतली अन् नुसत्या गोळ्या दिल्या म्हणून त्यांच्या नावानं बोंब. असल्या लोकांचा एक स्टार मी मोजत नाही.

आता माझा अनुभव. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याला कुत्रं चावलं, नऊ वर्षाचा आहे तो, पोटरीला दोन दात चांगले रुतले. माझ्या आईनं काय केलं, तं जखमेत तिखट भरलं. आमच्याकडं अजून तेच करतात. गाडीवर मधात बसवून पीएचसीत नेलं, तं सिस्टरनी पाय पाहिला अन् पहिले आईलाच झापलं, "आजी, भाजी फोडणीला टाकली का हो?" मग पोराला बाहेरच्या नळाखाली बसवलं, साबणाची वडी घेतली अन् स्वतः धूत बसल्या, घड्याळात पाहून पंधरा मिनिटं. पोट्टं बोंबलत होतं, मी म्हटलं मॅडम आधी इंजेक्शन तं द्या, तं म्हणे, "अर्धं औषध हेच आहे, तुम्ही पाय धरून ठेवा." मला वाटलं होतं पोटात चौदा टोचतील, जुन्या लोकांनी तेच भेव घालून ठेवलंय, पण ते कधीचंच बंद झालं. आता दोन्ही दंडांवर, कातडीतच, थेंबभर औषध देतात, डास चावल्यावर गांध उठते तेवढंच फुगते. आजचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा अन् अठ्ठाविसावा. सिस्टरनी चारही तारखा केसपेपरवर लिहून खाली दोन रेघा मारल्या, म्हणे लोक दोन टोचून घेतात अन् जखम भरली की येतच नाहीत.

रक्त निघालं होतं म्हणून रेबीजवरचं सीरमही लागत होतं, ते लसीपेक्षा वेगळं, जखमेतच टोचतात. ते पीएचसीत नव्हतं. चाळीस किलोमीटर जिल्ह्याला जा म्हणाल्या, तिथं मात्र माझं डोकं फिरलं, रोज कुत्रं चावलेले लोक येतात मग सीरम काहून ठेवत नाही? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्यासमोरच तिकडं फोन लावून सीरम शिल्लक आहे का हे विचारून घेतलं, अन् आहे म्हटल्यावरच आम्हाला पाठवलं. एक स्टार त्या फोनचा. नाहीतर आपल्याकडं रेफर करणं म्हणजे चिठ्ठी हातात देऊन माणूस रस्त्यावर सोडणं.

सातव्या दिवशी आमच्या घरी लग्न होतं. कोणाच्या डोक्यात इंजेक्शन असणार? सकाळी साडेसातला आशाताई दारात. मी म्हटलं ताई, उद्या आणतो नं, आज वरात आहे. त्या म्हणल्या, "वरात दुपारून निघते, मले माहीत हाय. पोराले आता द्या, मीच नेतो अन् आणून देतो." अन् नेलं, आणलं, वर अक्षता टाकायलाही थांबल्या.

आशाताईंबद्दल अजून एक लिहायचं आहे कारण ते कोणी लिहीत नाही. माझी पोरगी झाली तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या आल्या, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी. आधी हात धुवायच्या, हात वाळेपर्यंत नुसत्या उभ्या राहायच्या, पदराला पुसायच्या नाहीत. मग झोळीच्या काट्यात बाळ घालून वजन, काखेत थर्मामीटर, अन् पोट उघडं करून घड्याळ लावून एक मिनिट पूर्ण श्वास मोजायच्या. तोंडानं मोजायच्या हळू आवाजात, अन् घरातले सगळे चूप. साठ किंवा वर गेले की न्यायचं दवाखान्यात. एकविसाव्या दिवशी चौसष्ट निघाले. दुसऱ्यांदा मोजले, बासष्ट. आम्हाला तं पोरगी झोपलेली दिसत होती, काहीच वाटत नव्हतं. नेलं, न्यूमोनियाची सुरुवात होती, औषधावर निभावलं. नवजात बाळ घरी जाऊन असं पाहायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतल्या कामातून आली, डॉ. अभय बंग अन् राणीताईंच्या सर्च संस्थेनं गावातल्या बायांना शिकवून ती उभी केली, १९९९ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला अन् पुढं देशभरातल्या आशांना तेच शिकवलं. अन् या सहा भेटींचे सगळे मिळून आशाला मिळतात २५० रुपये. भेटीचे नाही, सहाचे मिळून. माझ्याकडं एका जमिनीच्या कामाचे कागद काढायला लोक यापेक्षा जास्त घालवतात.

पाण्याचं थोडक्यात सांगायला गेलो तं लांबतं, पण सांगतो. आमच्या गावच्या विहिरीवरून दोन वर्षांआधी पावसाळ्यात हगवण पसरली होती, तेव्हा ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरोग्य विभागवाले वर्षातून दोनदा पाण्याचे सगळे स्रोत पाहतात, विहिरीचा ओटा फुटला का, बाजूला उकिरडा आहे का, पाइप गटारातून गेला का, अन् मग गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड देतात. सरपंचाला लाल कार्ड म्हणजे फुटबॉलचं वाटलं, हसत होता. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, घ्यायची ग्रामपंचायतीनं, टाकायची जलसुरक्षकानं, अन् खरंच टाकली का हे पाहायचं आरोग्यसेवकानं. तीन जणांचं काम असलं की काय होते ते आपल्याला माहीतच आहे. पावडरची थैली पंचायतीच्या खोलीत तोंड उघडं पडून ओली झाली होती, तशी पावडर टाकली काय अन् रांगोळी टाकली काय, सारखंच.

आता जे आरोग्यसेवक आलेत ते तरणे आहेत, त्यांचा सकाळचा कार्यक्रम मी स्वतः पाहिलाय. खिशात काचेची लहान नळी अन् ओटीची बाटली, ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारं औषध. टाकीपाशी पाहत नाहीत, गावाच्या शेवटच्या घरच्या नळावर जातात, कारण क्लोरीन तिथवर पोचली तरच खरं. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, उन्हाकडं धरतात. पिवळं झालं तं ठीक, पांढरं राहिलं तं तिथूनच जलसुरक्षकाला फोन. एकदा पांढरं निघालं अन् तो म्हणे सर आत्ताच टाकली, तं हे म्हणाले, "आत्ता टाकली मंग तासभर थांबून नळ सोडायचा होता नं, सोडला काहून?" त्यालाही उत्तर नव्हतं. मागच्या पावसाळ्यात माझ्या आठवणीत पहिल्यांदा हगवणीची साथ आली नाही. आता साथ आली नाही म्हणून कोणी पाच स्टार देते का? कोणाच्या लक्षातही नाही. सरपंच म्हणतो पाऊस कमी होता.

हत्तीरोगाच्या गोळ्यांचं मात्र मी स्वतःचंच सांगतो. आमच्याकडं घरोघरी येऊन देतात, डीईसीच्या तीन अन् अल्बेंडाझोलची एक मोठ्या माणसाला, अन् समोरच खायच्या असतात, पण उपाशीपोटी नाही. तं मी दोन वर्षं "जेवलो नाही अजून, ठेवून जा" म्हणून डब्यात टाकल्या. तिसऱ्या वर्षी आशाताईंनी आधी बायकोला विचारलं भाऊ जेवले का, ती म्हणे आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या. सापडलो. खाल्ल्या मग.

तं इथपर्यंत दिवसाचे चार स्टार. पाचवा काहून नाही तं औषधांची खिडकी. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या द्यायच्या तिथं कधी दहाच दिवसाच्या देतात, म्हातारी माणसं दहा दिवसांनी परत ऑटोला पन्नास रुपये घालून येतात, नाहीतर येतच नाहीत. अन् शनिवारी दुपारून गेलं तं खिडकीच बंद.

आता रात्र.

आमच्याकडं ओलिताची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस थंडीत टॉर्च घेऊन वावरात जातो, हरभऱ्याला पाणी द्यायला. दिवाळीनंतरची गोष्ट आहे, आमच्या शेजारच्या मामांना रात्री दीडच्या सुमारास दांडातून चालताना घोणस चावला. घोणसच होता, पोरानं मारून थैलीत टाकून आणला होता, जे करायचं नसते पण सगळे करतात. मामी म्हणे आधी झाडायला नेऊ, आम्ही ऐकलं नाही, मी अन् पोरगा दोघंही मामांना मधात धरून पीएचसीत आलो. गेटला कुलूप. हाका मारल्या, हॉर्न दिला, कोणी नाही. शेवटी पोरानं दगड उचलून गेट वाजवलं तेव्हा चौकीदार उठला.

आत सिस्टर एकट्या. डॉक्टरच्या जागा दोन, एक रिकामी, अन् जे आहेत ते तालुक्याला राहतात, कागदावर मात्र मुख्यालयी, म्हणजे इथंच. माणूस चांगला आहे, दिवसा शंभर-सव्वाशे पेशंट पाहतो, हे मी नाकारत नाही, क्वार्टरची छत गळते हेही खरं आहे, पण रात्री दीड वाजता मला त्याचं काय. सिस्टरनी जे करायचं ते केलं. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, टेबलावर उभी ठेवली, वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही म्हणे. वीस मिनिटांनी नळी आडवी केली, तं रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नाही. म्हणजे विष चढलं. अन् विषाची लस कुठं होती? आम्ही बसलो होतो त्या खोलीतल्याच कपाटात, मी डोळ्यानं पाहिली, खोकीच्या खोकी. सिस्टर म्हणल्या, "लस आहे भाऊ, पण डॉक्टरशिवाय सुरू नाही करू शकत, रिअॅक्शन आली तर मी एकटी काय करू?" डॉक्टरांना फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, म्हणे १०८ बोलवा. ती आधीच बोलावली होती.

पंचेचाळीस मिनिटं. मामांच्या हिरड्यातून रक्त यायला लागलं, पाय मांडीपर्यंत सुजला, अन् लस आमच्यापासून पाच पावलांवर कपाटात. १०८ आली, त्यातले डॉक्टर खाली उतरले, नळी पाहिली अन् लगेच म्हणाले काढा लस. पावडर असते ती, पाणी घालून बाटली हाताच्या तळव्यात हळूहळू फिरवत विरघळवायची, जोरात हलवलं तं फेस येतो. दहा बाटल्या. सिस्टर अन् ते डॉक्टर दोघं मिळून फिरवत होते, मीही दोन फिरवल्या. सलाईनमधून सुरू करूनच गाडी जिल्ह्याला निघाली.

मामा वाचले. किडनीवर गेलं होतं, डायलिसिस लागलं, चार महिने वावरात गेले नाहीत. ती लस पाऊण तास आधी लागली असती तं काय झालं असतं हे मी डॉक्टर नाही म्हणून सांगत नाही. पण एक विचारतो. विदर्भात साप रात्री चावते, लाइट रात्री येते, बाई रात्री अडते, अन् डॉक्टरची ड्यूटी सहाला संपते, हे वेळापत्रक कोणी बसवलं? २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून आमच्या पीएचसीतही फवारणीचं पोस्टर आहे, तोंडाला फडका बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका. चांगलं पोस्टर आहे. रात्री त्याच्यावर लाइट पण असते.

मामांच्या प्रकरणानंतर आम्ही वीस-पंचवीस लोक सही करून वर अर्ज देऊन आलो, मीच टाइप केला होता. चौकशीला साहेब आले, डॉक्टरांना क्वार्टरवर राहायला सांगितलं, क्वार्टरची छत दुरुस्त करायला निधी नाही हेही त्यांनीच सांगितलं. पंधरा दिवस राहिले डॉक्टर. मग पाऊस आला.

जाणाऱ्यांसाठी: ओपीडी सकाळी साडेआठ ते साडेबारा अन् दुपारून चार ते सहा, पण अकराच्या आत जा, नंतर गर्दी होते. आधार असलं तं घेऊन जा, नसलं तरी हाकलत नाहीत. लहान पोरांच्या लसीचा दिवस आपल्या आशाताईला विचारून घ्या, उगाच चक्कर होते. गाडी लिंबाखाली लावा. कुत्रं चावलं असेल तं घरूनच साबणानं धुवून निघा, तिखट नका भरू. अन् रात्री जायचं काम पडलंच तं निघायच्या आधी १०८ लावा, पीएचसीत पोचून नाही. चौकीदाराला कमी ऐकू येते, हॉर्नचा उपयोग नाही. गेटच्या डाव्या बाजूला तो दगड अजून ठेवलेला आहे.