टेक्स-मेक्स कॅसरोल: ओटीजीत लावायचं की गॅसवर?

टॉर्टिया (मक्याची किंवा मैद्याची पातळ पोळी), राजमा, टोमॅटोचा तिखट सॉस आणि चीज यांचे थर लावून भाजायचे, एवढाच हा टेक्सासकडचा प्रकार. त्यात जिरं सढळ हाताने पडतं, म्हणून आपल्याकडे पोरंसोरंसुद्धा आवडीने खातात. ऑफिसातून सातला घरी येऊन साडेआठला चौघांची ताटं वाढायची असतील, तर ठरवायचं हेच की शिजवायचं कशात आणि थर कशाचे लावायचे.

ओटीजीत, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनमध्ये, वरून-खालून कोरडी आच लागते. जास्तीचं पाणी उडून जातं, चीजवर खरपूस डाग पडतात. गॅसवर तसे डाग येत नाहीत. पण आधी १० मिनिटं तापवायचं, मग १८० अंशांवर २५ मिनिटं भाजायचं, आणि तेही मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना? त्यातून लाइट गेली की घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र खुशाल लावा.

एरवी माझी पसंती जाड बुडाच्या पॅनलाच. खाली तवा, मंद आच, वर झाकण, पंधरा मिनिटांत काम होतं. अडचण वाफेची आहे. झाकणाला जमलेलं पाणी चीजवर टपकतं आणि वरचा थर गिळगिळीत होतो. झाकणाला आतून सुती फडकं लावून टोकं वर घट्ट बांधा, म्हणजे ती आचेकडे लोंबणार नाहीत. शेवटची दोन मिनिटं झाकण काढूनच ठेवा.

सॉस पातळ राहिला तर दोन्हीकडे लगदाच होणार. चार टोमॅटो, कांदा, लसूण, चमचाभर जिरेपूड आणि ओरेगॅनो इतकं आटवा, की चमचा तळावरून ओढल्यावर रेघ क्षणभर उघडी राहावी. भिवापुरी तिखट असेल तर आधी अर्धाच चमचा. सावजी मसाला घालायचा मोह होईल, पण घालू नका. लवंग-दगडफुलापुढे जिऱ्याची आणि राजम्याची चव उरत नाही.

थरांसाठी मैद्याचे तयार रॅप सोयीचे, पण लवकर भिजतात. मक्याचे टॉर्टिया घरी करायला जाऊ नका. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, म्हणून ते दुमडतात. आपलं साधं मक्याचं पीठ चिरतं. त्यापेक्षा सकाळच्या सहा पोळ्या तव्यावर कोरड्या, खाकऱ्यासारख्या कडक करून घ्या. सॉस पिऊनही त्या थोड्या चिवट राहतात आणि थर नीट कापता येतात.

राजमा सकाळी भिजत घातला असेल तर कुकरमध्ये पूर्ण मऊ करा. कच्चट राहिला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात, म्हणून दाणा बोटाने सहज दाबला गेलाच पाहिजे. भिजवायचं राहिलं तर विकतचा डबाबंद, शिजवलेला राजमा चालेल, फक्त धुऊन घ्या, खारट असतो. प्रोसेस्ड चीजही खारटच, तेव्हा सॉसमध्ये मीठ हात राखून. मोझरेला फक्त वरच्या थराला.

आचेवरून उतरवल्यावर १० मिनिटं हात लावू नका, नाहीतर कापताना थर घसरतात. मग वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरा. दह्याचा चक्का घालायचा तर वाढताना, थंडच. आचेवर तो फाटतो.