0.55 टेस्लावर झेनॉन-129: काही महिने वापरल्यानंतर

फुफ्फुसात हवा कुठे पोहोचते आणि कुठे अडते एवढंच झेनॉन-129 वायू श्वासातून देऊन पाहायचं असेल, तर 0.55 टेस्लाचं, म्हणजे कमी चुंबकीय ताकदीचं एमआरआय मशीन पुरतं. हायपरपोलराइज्ड वायूचं ध्रुवीकरण (अणुकेंद्रांचे स्पिन एका दिशेला वळणं, ज्यातून सिग्नल मिळतो) पोलरायझर या वेगळ्या यंत्रातल्या 795 नॅनोमीटर लेसर आणि रुबिडियमच्या वाफेतून येतं, स्कॅनरच्या चुंबकातून नाही. उलट कमी फील्डला हवा आणि ऊतींच्या सीमेवरची गडबड कमी होते, टी-टू-स्टार (सिग्नल विझायला लागणारा वेळ) लांबतो आणि रीडआउट (सिग्नलची नोंद) सावकाश घेता येतो.

पण नेहमीच्या एमआरआयमधला प्रोटॉन इथे 23.4 मेगाहर्ट्झवर सिग्नल देतो आणि झेनॉन 6.48 वर. म्हणून झेनॉनसाठी वेगळा आरएफ (रेडिओ लहरींचा) अॅम्प्लिफायर आणि छातीची कॉइल (सिग्नल टिपणारा अँटेना) कोटेशनमध्ये आहे का, ते आधी बघा. इतक्या कमी फ्रीक्वेन्सीला पेशंटपेक्षा कॉइलच्या तांब्याचाच गोंगाट भारी पडू लागतो, त्यामुळे कॉइलवर काटकसर नको. फिल्टर नसलेली एखादी पॉवर केबल शिल्डेड खोलीत शिरली की इमेजवर ठिपक्यांची रेघ उमटते. वायू देण्याआधी रिकामा नॉइज स्कॅन घ्याच.

खरी डोकेदुखी फ्लिप अँगलची, म्हणजे प्रत्येक रेडिओ पल्स ध्रुवीकरण किती अंशांनी वळवते त्याची. खर्च झालेलं ध्रुवीकरण परत येत नाही. 64 पल्सना साधारण 7 अंश बसतात. चुकून 14 झाले, तर शेवटच्या पल्सला जेमतेम 15 टक्के उरतं; के-स्पेस (इमेज बनण्याआधीचा कच्चा डेटा) मध्यापासून भरत असाल तर कडा पुसट होतात. कॅलिब्रेशनसाठी थोडा वायू बाजूला ठेवा.

बॅग नायट्रोजनने दोन-तीनदा धुवा, ऑक्सिजन राहता कामा नये. पोलरायझरमध्ये गोठवून साठवलेला झेनॉन झटपट वितळवा, तोही चुंबकाच्या फील्डमध्येच. वितळणबिंदूजवळ रेंगाळला तर ध्रुवीकरण तिथेच जातं. भरलेली बॅग लोखंडी ट्रॉलीवर ठेवू नका. फुफ्फुसातल्या ऑक्सिजनमुळे टी-वन (ध्रुवीकरण टिकण्याचा वेळ) वीसेक सेकंदांवर येतो, म्हणून श्वास रोखताच स्कॅन सुरू हवा आणि 15 सेकंदांच्या आत संपायला हवा. ऑक्सिमीटरचा आकडा क्षणभर घसरतो, काहींना हलकी गुंगी येते. दोन्ही लवकर ओसरतं.

वायूची देवाणघेवाण, म्हणजे त्याचं फुफ्फुसातून रक्तात जाणं, मोजायची असेल, तर मात्र आमचं मत 1.5 टेस्लाकडे. फुफ्फुस आणि रक्त यांमधल्या पडद्यातला आणि तांबड्या पेशींतला झेनॉन यांच्या फ्रीक्वेन्सीत सुमारे 20 पीपीएमचं (दशलक्षांश भागांचं) अंतर असतं. 1.5 ला ते 350 हर्ट्झ, इथे फक्त 130. दोघांचे सिग्नल वेगळे करायला त्यांत 90 अंशांचा फेज-फरक हवा; तो पडायला तिथे 0.7 मिलिसेकंद लागतात, इथे 1.9, तोवर सिग्नल बराच विझलेला असतो. अमेरिकेत औषध नियामक एफडीएने डिसेंबर 2022 मध्ये झेनॉनला दिलेली मान्यताही व्हेंटिलेशनसाठीच (हवा कुठे पोहोचते ते पाहण्यासाठीच) होती, आणि त्या कामात हे मशीन कमी पडलेलं नाही.