हायड्रॉलिक डिस्क ब्रेक: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

माउंटन बाइकचे, म्हणजे डोंगरी सायकलचे, दोन पिस्टनचे (पॅड ढकलणारे दट्टे), मिनरल ऑइलवर (खनिज तेलावर) चालणारे, परवडणाऱ्या वर्गातले ब्रेक. पुढे 180 आणि मागे 160 मिमीचा रोटर (चाकाबरोबर फिरणारी डिस्क), रेझिन पॅड (रेझिनने बांधलेले, रोटरवर घासणारे पॅड), 29 इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल. वापर पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, पावसाळ्यात मावळातल्या चिखलात आणि उन्हाळ्यात घाटउतारांवर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली लिहिलेलं या वर्गातल्या जवळजवळ सगळ्याच ब्रेकना लागू पडतं.

ताकदीबद्दल तक्रार नाही. सुक्या उतारावर एका बोटाने काम होतं. तक्रार आहे ती लहरीपणाची. निघताना हँडलवरचा ब्रेक लिव्हर अर्ध्यावर धरतो, तासाभराने ग्रिपला टेकायला येतो आणि दोनदा दाबला की पुन्हा जागेवर. दुकानात हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: "एअर धरलीय, ब्लीड करून टाकू." ब्लीड म्हणजे ब्रेकमधून नवं तेल ढकलून अडकलेली हवा काढणं. ते होतं, पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. ब्लीडिंग हा शेवटचा उपाय आहे. आधी लिव्हर नेमकं काय सांगतोय ते बघायचं.

लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि पटापट पंप केल्यावर कडक होतो, तेव्हा हवा आहे. धरतो त्या जागी टणक लागतो, पण धरण्याची जागाच पुढेमागे होते, तेव्हा हवेपेक्षा पिस्टन, झिजलेले पॅड किंवा वाकडा रोटर यांच्यावर संशय घ्यायचा. लिव्हरचा प्रवास रोजचाच, पण गाडी थांबत नाही, तर पॅडला तेल लागलंय किंवा पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झालेत. आणि एकसारखा दाब देऊन धरलेला लिव्हर हळूहळू आत बसत गेला, तर कुठेतरी गळती आहे किंवा लिव्हरमधलं सील गेलंय. अशी गाडी उतारावर न्यायचीच नाही.

या ब्रेकमधला सगळ्यात मोठा चोर म्हणजे अडकणारा पिस्टन. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे जाताना ते थोडं पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. परत आणणारी स्प्रिंग हीच. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकतो आणि नवी जागा धरतो. पिस्टनच्या कडेवर पॅडची भुकटी आणि वाळलेली तांबडी माती चिकटली की एक पिस्टन सहज सरकतो, दुसरा ढिम्म. कॅलिपरमध्ये (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागात) वरून टॉर्च मारून लिव्हर हळू दाबा: एकच पॅड हलतो, रोटरला ढकलत पलीकडच्या पॅडवर नेतो आणि रोटर वाकलेला डोळ्यांना दिसतो. लिव्हरचा निम्मा जोर तो रोटर वाकवण्यातच जातो, आणि त्यामुळेच हाताला हवा असल्यासारखं वाटतं.

उपाय अर्ध्या तासाचा. चाक काढा, पॅड काढा. सहज सरकणारा पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) दाबून धरा आणि ब्रेक हळूहळू दाबून अडकलेला पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणा. त्याहून जास्त नको, निसटून बाहेर पडला तर तेल जमिनीवर. उघडी पडलेली कड कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, मग ब्रेकमध्ये जे तेल आहे त्याचाच एक थेंब कडेला फिरवा आणि पिस्टन टायर लिव्हरने सरळ आत ढकला. असं चार-पाच वेळा. पिस्टन ढकलायला स्क्रूड्रायव्हर घेऊ नका, काही पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि त्यांचा टवका उडतो. दोन्ही पिस्टन एकाच वेळी निघायला लागले की जास्तीचं तेल पूर्ण पुसून मगच पॅड बसवा. न पुसता पिस्टन आत ढकलले, तर ती घाण सीलवर जाते आणि दुखणं वाढतं. पावसाळ्यात नवे पॅड टाकताना हे हमखास होतं.

त्यानंतर कॅलिपर मध्यावर आणायचा. आधी चाक फ्रेममध्ये नीट बसलंय ना ते पाहा, क्विक रिलीजवाल्या (खटका उघडून चाक सुटणाऱ्या) गाडीत अर्धी घासाघीस तिथूनच येते. 5 मिमीच्या अ‍ॅलन कीने कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि आलटून पालटून आवळा. शिमानोच्या कॅलिपरसाठी 6 ते 8 न्यूटन मीटर. रोटरची जाडी कॅलिपरने, म्हणजे मोजायच्या कॅलिपरने, तपासा: शिमानोचा नवा रोटर 1.8 मिमी असतो, 1.5 वर आला की बाद. पॅडचा मसाला (घासणारा थर) 0.5 मिमी उरला की बदला.

आता तेल लागण्याचं प्रकरण. आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे वॉशिंग सेंटर. प्रेशर वॉशरने चिखल निघतो, पण शेवटी "चमक यावी" म्हणून जो पॉलिशचा फवारा मारतात तो रोटरवर बसतो. मोटरसायकलचा ड्रम ब्रेक झाकलेला असतो, इथे डिस्क उघडी आहे. चेनवर स्प्रे मारणारेही मागच्या रोटरची तीच गत करतात. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्याने पुसा, पॅड सपाट काचेवर ठेवलेल्या 100 ग्रिटच्या पॉलिश पेपरवर घासा. तेल आतपर्यंत मुरलं असेल तर नवे पॅड. गॅसवर भाजून तेल जाळायचा प्रयोग रेझिन पॅडवर नको, मसाला धरून ठेवणारं रेझिनच त्यात खराब होतं. नवे पॅड बसवल्यावर ताशी 20 किमीच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा आणि मग 30 वरून दहाएक वेळा ब्रेक मारायचा, चाक लॉक न करता. हे टाळलं तर चांगले पॅडही किंचाळतात.

एवढं करूनही लिव्हर लिबलिबीत राहिला तर ब्लीडिंग. पॅड काढून जागी ब्लीड ब्लॉक (पिस्टन अडवून धरणारा ठोकळा), लिव्हर आडवा, त्यावर फनेल (तेलाचं नरसाळं). कॅलिपरच्या निपलला (तेल आत-बाहेर करायच्या तोटीला) सिरिंज लावून, बहुतेक जुन्या मॉडेलना 7 मिमीचा पाना लागतो, तेल खालून वर ढकला. दोन्ही ब्रेकना 50 मिली पुरतं. मागचा पाइप फ्रेममधून जात असेल तर हवा वळणांवर अडून बसते, म्हणून गाडीचं पुढचं चाक उंच करा आणि पाइपवर पान्याच्या मुठीने टकटक करा. नंतर फनेल तसंच ठेवून लिव्हर पुढे-मागे साधारण 30 अंश कलता करत दाबत राहा. शेवटचे हट्टी बुडबुडे लिव्हरमध्येच असतात आणि ते फनेलमध्ये एकेक करून वर येताना दिसतात.

तेलाबाबत हयगय नको. शिमानो आणि टेक्ट्रो मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे बरेच ब्रेक डॉटवर, म्हणजे मोटारीतल्यासारख्या ब्रेक फ्लुइडवर. कोपऱ्यावरचा मोटरसायकल मेकॅनिक मदत म्हणून डॉट 3 किंवा 4 टाकून देतो, कारण त्याच्याकडे तेच असतं. मिनरल ऑइलच्या सिस्टिममध्ये ते गेलं की सीलं फुगतात आणि बहुधा ब्रेक बदलावा लागतो. लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. उलट, डॉट पाणी शोषून घेतं, त्यामुळे डॉट 4 चा उत्कलनबिंदू 230 अंशांवरून 155 पर्यंत उतरतो आणि ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी तळाशी, म्हणजे कॅलिपरमध्येच, जाऊन बसतं आणि 100 अंशांना उकळतं. ताम्हिणीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत टेकवून ठेवला की लिव्हर मऊ पडतो आणि थंड झाल्यावर परत येतो, त्याचं हे एक कारण. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. नुसतं घासत नेऊ नका.

घ्यावेत का? रोजच्या टेकडीला आणि हौशी ट्रेलला जरूर, मात्र पावसाळ्यात रेझिन पॅड चिखलात झपाट्याने झिजतात हे धरून चाला. मेटल पॅड जास्त टिकतात, पण रोटरवर "रेझिन पॅड ओन्ली" कोरलेलं असेल तर ते रोटर खाऊन टाकतील, दोन्ही एकत्र बदलायला हवेत. मोठे घाट वारंवार उतरणाऱ्यांनी मागेही 180 चा रोटर आणि अ‍ॅडाप्टर लावावा, चार पिस्टनच्या ब्रेकवर खर्च करण्याआधी हे स्वस्तात होतं. बसच्या टपावर गाडी टाकताना चाक काढलंत तर पॅडमध्ये प्लास्टिकचा स्पेसर किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला. प्रवासात कुणाचा हात लिव्हरवर पडला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग ट्रेलच्या सुरुवातीला चाक आत जात नाही.