दिल्लीतला सोमवार आणि ‘सरकारमान्य’ पश्मीना

दिल्लीत गाडी बदलायची आहे आणि मध्ये काही तास मोकळे आहेत, असे प्रवासी म्हणजे स्टेशनाबाहेरच्या फसवणाऱ्या ऑटोवाल्या-दुकानदारांचं हक्काचं गिऱ्हाईक. सामान क्लोकरूममध्ये, रात्रीचं रिझर्वेशन पक्कं, शहर अनोळखी, आणि उद्या भांडायला परत येणार कोण? उन्हाळ्यात कुमाऊं-हिमाचलला निघालेली कितीतरी मराठी कुटुंबं याच वाटेने जातात, म्हणून आमच्या बाबतीत जे घडलं ते सविस्तर लिहिते.

मी, आई आणि मावशी मुंबईहून राजधानीने सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरलो. काठगोदामची गाडी रात्री जुन्या दिल्लीहून होती. हुमायूनची कबर स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर, ती आधी पाहायची आणि मग कुतुबमिनार, असा बेत होता. बाहेर येताच एक ऑटोवाला पुढे आला. वयस्क, अदबीने बोलणारा. ‘माताजी, संभलके’ म्हणत त्याने आईला हात दिला, आम्ही कुठून आलो, रात्री कुठे चाललो ते विचारून घेतलं आणि मग हळहळत म्हणाला, “दीदी, आज सोमवार है. सब बंद.”

सोमवारी लाल किल्ला बंद असतो, राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं, लोटस टेंपल आणि अक्षरधामही बंद असतं. हे सगळं खरं आहे. आम्हालाही ते ठाऊक होतं, म्हणूनच तर ती ठिकाणं आम्ही यादीतून काढली होती. त्या खऱ्या गोष्टीला त्याने आपली थाप जोडली: हुमायूनची कबर दुपारी दोनला उघडेल, तोवर सरकारी एम्पोरियम दाखवतो, आज सेलचा शेवटचा दिवस आहे, भाडं फक्त पन्नास रुपये.

दुकान दक्षिण दिल्लीत कुठेतरी आत होतं. पाटीवर ‘सरकारमान्य’ असं मोठ्या अक्षरात. सरकारमान्य म्हणजे सरकारी नव्हे. कोण कोणाला मान्यता देतं, हे पाटीवर कधीच लिहिलेलं नसतं. आत कहवा आला, बसायला गाद्या आल्या. विक्रेता स्वतःला श्रीनगरचा म्हणवत होता. त्याने जिच्या मऊ लोकरीची पश्मीना शाल बनते त्या लडाखच्या चांगथांगी जातीच्या बकऱ्यांची, हातमागाची, डोळे अधू होईपर्यंत काम करणाऱ्या कारागिरांची माहिती सांगितली, आणि तीही खरीच होती. मग आईच्या बोटातली अंगठी मागून घेतली आणि अख्खी शाल तिच्यातून सर्रकन ओढून काढली. “असली पश्मीना की पहचान.”

इथे थांबून सांगते, कारण ही अंगठीची परीक्षा बहुतेकांना खरी वाटते. पश्मीनाचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, माणसाच्या केसाच्या पाव भागाहूनही बारीक, म्हणून शाल अंगठीतून जाते हे बरोबर. पण पातळ विणलेलं व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला स्वस्त कृत्रिम धागा, तोही तितक्याच सहज जातो. त्या खेळाने काहीच सिद्ध होत नाही. काश्मीर पश्मीनाला २००८ पासून जीआय मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाचा खास माल अशी कायदेशीर ओळख, आहे. श्रीनगरच्या प्रयोगशाळेत तपासून पास झालेल्या शालीला क्रमांक असलेलं लेबल लावतात. विचारायचं असेल तर ते विचारा.

दोन शालींचे अठरा हजार झाले. आईने पेन्शनमधून बाजूला टाकलेले पैसे होते ते. कार्डाचं मशीन ‘खराब’ होतं, म्हणून यूपीआय. पैसे गेले ते दुकानाच्या नव्हे, कुणा माणसाच्या नावावर. बिलावर पश्मीना हा शब्दच नाही, नुसतं ‘हँडलूम स्टोल’. जीएसटी क्रमांक नाही, पत्ताही नाही. बिल घडी घालून पिशवीच्या तळाशी, शालीखाली ठेवलेलं होतं, म्हणजे ते दुकानात उघडून पाहिलं जाऊच नये.

ऑटोवाल्याने शेवटी ते पन्नास रुपयेही घेतले नाहीत. त्याची कमाई दुकानातून झालेली होती. हुमायूनच्या कबरीच्या फाटकावर रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला की ही जागा सोमवारीसुद्धा सकाळपासून उघडी असते, आठवड्यात एकही सुट्टी नाही.

शालींचं खरं रूप अल्मोड्यात कळलं. लोकरीच्या एका दुकानदाराने झालरीतला दोरा उपसून पेटवला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि विस्तव लगेच विझतो. हा दोरा कागदासारखा भुरुभुरु जळून गेला. त्या भल्या माणसाने काही विकायचा प्रयत्न केला नाही, आईला चहा दिला. मला राग पैशांपेक्षा याचा जास्त आहे, की सत्तरी ओलांडलेल्या बाईला ‘माताजी’ म्हणून तिचीच अंगठी या कामासाठी वापरली.

परत आल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिलावर पत्ता नसल्यामुळे ती अडकली आहे. आता यूपीआयच्या नोंदीवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल, पिशवी, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट, यातलं काहीही रागाच्या भरात फेकू नका.

दिल्लीत सोमवारी पोचणार असाल तर हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार दोन्ही उघडे असतात. निजामुद्दीनच्या प्रवाशांनी बाहेर घेरणाऱ्यांकडे न पाहता प्रीपेड ऑटोच्या बूथवर जावं किंवा मेट्रो धरावी. खरेदी करायचीच असेल तर जनपथवर सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम आहे, आणि बाबा खडकसिंग मार्गावर निरनिराळ्या राज्यांची सरकारी दुकानं ओळीने आहेत. दोन्ही जागा कॅनॉट प्लेसपासून पायी जाण्यासारख्या आहेत. तिथे जायचं म्हटल्यावर कोणी “वो तो आज बंद है” म्हणालं, तर त्याच्या ऑटोत बसू नका.